व्हिडिओ आणि पुस्तकं बघून घरात नवा पॉइंट स्वतः काढावा का?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. एका व्हिडिओत काळी वायर फेजची, म्हणजे वीज घेऊन येणारी सांगितली, दुसऱ्यात लाल, तर खरं काय? आणि जुन्या घरात दोन प्लग आणि एक गिझरचा पॉइंट स्वतः काढता येईल का? मी वायरिंगची कामं घेतो, इतरांनी केलेली दुरुस्तही करतो. त्यावरून सांगतो.

आधी रंग. काळी फेज हे अमेरिकेतलं. तिथे पांढरी न्यूट्रल (करंटच्या परतीची वायर) असते आणि अर्थ (उपकरणाची बॉडी जमिनीशी जोडणारी वायर) हिरवी किंवा नुसती उघडी तांब्याची. आपल्याकडे भिंतीतल्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी किंवा निळी फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. उपकरणांसोबत येणाऱ्या केबलचं मात्र वेगळं आहे: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. म्हणजे थ्री फेज मीटर असलेल्या घरात भिंतीतली निळी वायर फेज असू शकते आणि तिथेच लावलेल्या मिक्सरच्या केबलमधली निळी न्यूट्रल असते. व्हिडिओवाला त्याच्या देशापुरतं बरोबरच सांगतो, पण ते तुमच्या भिंतीला लागू होत नाही. आणि जुन्या घरात कुणीतरी हाती लागली ती वायर ओढलेली असते, त्यामुळे रंग बघून हात लावायचाच नाही.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. चुकीचं जोडलेलं वायरिंगही चालतं. दिवा लागतो, पंखा फिरतो, आणि माणसाला वाटतं जमलं. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलं तरी दिवा लागतो आणि बंदही होतो. फक्त बंद असतानाही होल्डरमध्ये 230 व्होल्ट असतात, आणि ते कळतं बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला.

छापील पुस्तक म्हणजे तपासलेलं असणार, असंही धरू नका. जानेवारी 2011 मध्ये अमेरिकेतल्या ऑक्समूर हाऊस या प्रकाशनाने घरदुरुस्तीची नऊ पुस्तकं परत मागवली. त्यांतल्या आकृत्या आणि वायरिंगच्या सूचना चुकल्या होत्या, त्यामुळे शॉक बसण्याचा किंवा आग लागण्याचा धोका होता. प्रती सुमारे साडेनऊ लाख, आणि विक्री 1975 पासून सुरू होती. इतकी वर्षं ती पुस्तकं दुकानांत राहिली याचं मला नवल वाटत नाही, कारण चुकीच्या आकृतीवरून जोडलेला दिवाही लागतोच.

आता गिझर, कारण सगळ्यात वाईट सल्ले इथेच मिळतात. जुन्या घरात अर्थची वायर नसते. मग कुणीतरी सांगतं, सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला छोटा लूप मारा. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला की झकास पेटतो, म्हणून काम पास! पण मागे कुठे न्यूट्रल तुटली किंवा तिचा स्क्रू सैल झाला, तर गिझरच्या एलिमेंटमधून आलेली फेज परतीची वाट नसल्यामुळे त्या लूपवाटे थेट गिझरच्या बॉडीवर येते. तिथून नळावर आणि पाण्यात. एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसतं. भाड्याच्या एका फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात म्हणून सॉकेट उघडला, तर आत हाच लूप होता. मशीनमध्ये काहीच दोष नव्हता.

दुसरा सल्ला: अंगणात रॉड ठोका, अर्थ झाली. ऐकायला बरोबर वाटतं, पण हिशेब करा. रॉडचा रोध 20 ओहम धरला तर बॉडीवर फेज आल्यावर जमिनीत जाणारा करंट 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी त्यावर पडणार नाही आणि बॉडी तशीच जिवंत राहील. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला वाचवतो तो 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच. अर्थ आणि आरसीसीबी दोन्ही हवेत. आणि आरसीसीबी सारखा पडतो म्हणून बायपास करा असं जो सांगतो, त्याचा व्हिडिओ तिथेच बंद करा. तो पडतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे किंवा न्यूट्रल चुकीच्या ठिकाणी जोडली आहे.

एमसीबीबाबतही तसंच. 2 किलोवॉटचा गिझर जवळपास 9 अँपिअर खेचतो. तो दिव्यांच्या लाइनवर टाकला की 6 अँपिअरचा एमसीबी पडतो, मग सल्ला येतो की 20 चा टाका. एमसीबी पडायचा थांबतो आणि भिंतीतली बारीक वायर तापायला लागते.

सॉकेटची आकृती समोरून काढलेली आहे की मागून, हेही बरेच जण सांगत नाहीत. समोरून पाहताना अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. जोडताना आपण मागून बघतो, तेव्हा सगळं उलटं.

तर स्वतः काय करावं? मेन बंद करून बल्ब, फ्यूज, बटण जसंच्या तसं बदलायला हरकत नाही, कायद्यानेही तेवढी मुभा आहे. नवा पॉइंट काढणं हे वाढीव काम, ते परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं लागतं. शिकण्यासाठी व्हिडिओ जरूर बघा, वायरमनला नेमके प्रश्न विचारता येतात. गिझरला वेगळी लाइन आहे ना, वायर किती जाड, म्हणजे किती स्क्वेअर एमएमची, अर्थ कुठून आणली, हे विचारा. काम झाल्यावर अर्थचा रोध मीटरने मोजून आकडा दाखवायला सांगा आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण त्याच्यासमोर दाबा. आरसीसीबी पडला नाही, तर पैसे देऊ नका आणि गिझर लावू नका.