बायकांच्या सायकल शर्यतीत नक्की बघायचं काय?

प्रश्न असा आहे: "आम्ही वेंगुर्ल्याला असतो. मुलगी नववीत आहे, तिला सायकलचं वेड. तिच्यासोबत बायकांच्या रोड रेस बघायचा दोनदा प्रयत्न केला. तीन-चार तास घोळका नुसता जात असतो आणि शेवटी कुणीतरी जिंकतं. वर्षभर एवढ्या शर्यती असतात, त्यात बघायचं काय, हे कुणी समजावून सांगेल का?"

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, 2:40 किंवा 0:35 असा. पुढे निसटलेल्या बायका आणि मागचा घोळका यांच्यातलं ते अंतर, मिनिटं आणि सेकंदांत. सुरुवातीला मीसुद्धा रंगीत जर्सी, डोंगर आणि सूर्यफुलांची शेतं बघत बसायचे आणि अर्ध्या तासात डुलक्या घ्यायचे. तो आकडा बघायला लागले आणि झोप उडाली. मुलीला आधी तोच दाखवा.

मला तो कळला 25 जुलै 2021 ला. तारीख लक्षात राहिली ती सायकलमुळे नव्हे. 22 तारखेला चिपळूण बुडालं होतं. रविवारी सकाळीच नवरा पाण्याचे कॅन, बिस्किटं, ब्लीचिंग पावडर असं टेम्पोत भरून सावर्ड्याच्या बाजूने तिकडे गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी रत्नागिरीत घरी. हातात मोबाईल धरून वाट बघण्यापलीकडे काही काम नव्हतं. त्या मोबाईलवर टोकियो ऑलिंपिकमधली बायकांची रोड रेस लागली होती, 137 किलोमीटरची. मी लावलेलीही नव्हती, भाच्याने लिंक पाठवली होती.

शर्यत सुरू होताच चार-पाच जणी पुढे निसटल्या. त्यात ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर होती. गणितात डॉक्टरेट, स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या विद्यापीठात संशोधन, आणि त्या वर्षी कुठल्याही व्यावसायिक संघाशी करार नाही. मागे घोळक्यात नेदरलँड्सच्या चौघी: फान व्ल्युटेन, फान डेर ब्रेगन, मारियाने फोस, डेमी फोलरिंग. क्रिकेटमध्ये एकाच संघात चार तेंडुलकर असावेत तसं. पुढच्यांकडे कुणी फार लक्ष दिलं नाही. शेवटच्या चाळीसेक किलोमीटरवर कीझेनहोफरने सोबतच्या दोघींनाही मागे टाकलं. त्या दोघी पुढे घोळक्याच्या हाती लागल्या, ही नाही लागली. ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या कानात रेडिओ नसतो. पुढे अजून एक जण आहे, हे मागे बहुतेकींच्या हिशेबातच नव्हतं.

आनेमिक फान व्ल्युटेन दोन्ही हात वर करून रेषा ओलांडून आली. तिला वाटलं, सुवर्ण. सुवर्णवाली सव्वा मिनिट आधीच पोचली होती. आकडा मला रत्नागिरीत बसून दिसत होता आणि तिला रस्त्यावर दिसत नव्हता. मी घरात एकटीच "अगं बाई!" असं मोठ्याने ओरडले.

आता तो आकडा वाढतो कशामुळे आणि उतरतो कशामुळे. आम्ही तिघी मैत्रिणी सकाळी भाट्ये पुलावरून पावसच्या रस्त्याला जातो. समोरून वारा असला की पुढचीचा जीव जातो आणि मागच्या दोघी गप्पा मारत येतात, म्हणून दर दोन-चार मिनिटांनी जागा बदलायची. एकीच्या चाकाला चिकटून चालवलं तर मागचीची निदान तिसरा हिस्सा मेहनत वाचते. शंभर जणींच्या घोळक्यात मधोमध असाल तर त्याहून बरीच जास्त. म्हणून घोळक्याने मनावर घेतलं तर पुढे पळालेल्या दोघी-तिघी बहुतेक वेळा सापडतातच. पुलावर वारा खाडीच्या तोंडाकडून, म्हणजे आडवा येतो. तेव्हा आडोसा सरळ मागे नसतो, तिरका असतो. रांगही तिरकी करावी लागते, आणि रस्त्याची रुंदी संपली की शेवटचीला आडोसाच उरत नाही. बेल्जियम-हॉलंडच्या सपाट रस्त्यांवर आडवा वारा सुटला की घोळक्याचे असेच तुकडे पडतात. वेंगुर्ल्याच्या मुलीला हे शिकवायला लागणार नाही. बंदराकडे सायकल घेऊन गेली असेल तर तिला आधीच ठाऊक असेल.

पण "घोळक्याने मनावर घेतलं तर" यातच सगळी गंमत आहे. माझं माहेर मालवणकडचं, रापण, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून जाळं ओढायची मासेमारी, बघत मोठी झाले. दोन्ही बाजूंनी दोर ओढायचा, जाळं किनाऱ्याला आलं की वाटे घालायचे. प्रत्येक रापणीत एखादा असतो, दोर घट्ट धरून उभा, तोंडाने "होऽऽ" मोठ्याने, आणि अंग मात्र अजिबात नाही. सायकलच्या घोळक्यात असे वीस संघ असतात. पुढचीला पकडायचं सगळ्यांना आहे, पण जो ओढेल तो दमेल आणि शेवटी मासळी दुसराच नेईल. मग "तुमच्याकडे शेवटी सुसाट पळणारी स्प्रिंटर आहे, तुम्ही ओढा", "आमची एक पुढे आहेच, आम्ही कशाला?" असं चालतं. हे बोललं जात नाही, नुसत्या माना वळतात. पुढे मान खाली घालून चालवणारी एकटी असते आणि आकडा वाढत जातो.

बायकांच्या शर्यतींत हे जास्त रंगतं, असं माझं मत. एकदिवसीय शर्यतीत एका संघाच्या साधारण सहा जणी असतात, टूर द फ्रान्स फाम म्हणजे बायकांच्या, रोज एक टप्पा अशा अनेक दिवसांच्या टूरमध्ये सात. पुरुषांपेक्षा एकेक कमी. ओढणारे हात कमी, म्हणजे आवळणंही कठीण. अंतरं कमी असल्यामुळे भांडण लवकर जुंपतं. पुरुषांच्या शर्यतीत पहिले दोन तास भांडी घासून घेता येतात.

2025 चा हंगाम याच नजरेने सांगते. जानेवारीत ऑस्ट्रेलियात ॲडलेडला सुरुवात, ती आपल्याकडे सकाळी सकाळी येते. मग वाळवंटातली यूएई टूर. ती मी बघत नाही. खरा हंगाम 1 मार्चला बेल्जियममध्ये ओम्लोप नावाच्या एकदिवसीय शर्यतीने उघडला. तिथे अगदी रापणीतलीच गोष्ट झाली. पुढे गेलेल्या काही कमी नावाजलेल्या मुलींना घोळक्याने दहा मिनिटांहून जास्त सूट दिली आणि मग पकडायला जमलंच नाही. लोटे क्लास जिंकली. मोठमोठी नावं मागून, शर्यत संपल्यावर आली.

आठवड्याने इटलीत स्त्रादे बियांके. नावाचा अर्थ पांढरे रस्ते. आपल्या जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर जसं लाल होऊन घरी यायचं, तसं तिथे पांढरं होऊन यायचं. तिथे फोलरिंग जिंकली. मिलान–सान रेमो ही शर्यत बायकांसाठी बऱ्याच वर्षांनी 2025 मध्येच परत आली. एलिसा लोंगो बोर्गिनी शेवटी एकटीच पळाली होती. आकडा काही सेकंदांचा. रेषा समोर दिसत असताना तिला पकडलं आणि लोरेना वीबेसने स्प्रिंट मारला. असं बघितलं की मला रात्री झोप येत नाही.

एप्रिलमध्ये बेल्जियममधली फ्लँडर्सची शर्यत लोटे कोपेकीने तिसऱ्यांदा जिंकली. मग फ्रान्सची पारी–रूबे. पारी–रूबेचे दगडी रस्ते म्हणजे आपल्या महामार्गाच्या रखडलेल्या कामातला टप्पा, फक्त मुद्दाम जपून ठेवलेला. बायकांना या शर्यतीत पहिल्यांदा उतरू दिलं 2021 ला. पुरुषांची 1896 पासून चालू आहे. ती पहिली रूबे लिझी डेग्ननने जिंकली, तीसुद्धा ठरवून नव्हे. पहिल्या दगडी टप्प्याआधी संघाची एक जण पुढे असावी म्हणून ती गेली, मागे वळून बघितलं तर जागा मोकळी. मग 80 हून जास्त किलोमीटर एकटी. सायकलच्या दांड्यावर तिच्या हाताचं रक्त लागलेलं होतं. बक्षीस 1,535 युरो. पुरुषांच्या विजेत्याला 30,000. वरचा फरक तिच्या संघाने स्वतःहून भरून दिला.

हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडची एक शर्यत आठवली. गावाचं नाव नको. पुरुषांना 50 किलोमीटर आणि रोख पाकीट, बायकांना 15 किलोमीटर आणि स्टीलचा डबा. डबा चांगला आहे, अजून वापरते. पण 15 किलोमीटर का, हे विचारलं तर आयोजक म्हणाले, "ताई, ऊन असतं ना." ऊन काय फक्त बायकांवर पडतं?

पैशांचं एवढंच सांगते की परिस्थिती हलली आहे. सगळ्यात वरच्या पातळीवरच्या संघांत किमान पगार 2020 ला पहिल्यांदा ठरला, वर्षाला 15,000 युरो. 2023 पर्यंत तो दुपटीच्या वर गेला. बाळंतपणाची रजाही आता करारात असते. त्याआधी कित्येक जणी दिवसा नोकरी करून शर्यती खेळत.

27 एप्रिलला बेल्जियममध्ये लीएज. ती किम ल कूरने जिंकली. ती मॉरिशसची. सायकलिंगमध्ये पाच सगळ्यात मोठ्या एकदिवसीय शर्यती आहेत, त्यांतली एखादी जिंकणारी ती आफ्रिकेची पहिलीच. ऊसमळ्यांवर मजुरीला मॉरिशसला गेलेल्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली कितीतरी माणसं होती, तिकडे अजून मराठी मंडळी आहेत. किमचा त्यांच्याशी संबंध नाही, पण एका समुद्राकाठची म्हणून मी तिला आपलीच धरून चालते. पुढे टूरमध्ये तिने पिवळी जर्सी घातली (सगळ्या टप्प्यांची वेळ मिळवून जी पहिली, तिची ती) आणि एक टप्पाही जिंकला, तेव्हा मी आमच्या दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाईकांना वाटलं, मुलगा पास झाला.

2025 ला मे महिन्यात स्पेनची वुएल्ता, जुलैत इटलीचा जीरो, दोन्ही टूरसारख्याच अनेक दिवसांच्या. पहिली फोलरिंगची, दुसरी लोंगो बोर्गिनीची. टूर 26 जुलै ते 3 ऑगस्ट, नऊ टप्पे. फ्रान्सच्या पोलीन फेरां-प्रेवोने आल्प्समधल्या मादलेनच्या चढावर सगळ्यांना सोडलं आणि साडेतीन मिनिटांहून जास्त फरकाने जिंकली. याच बाईने आदल्या वर्षी ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकचं सुवर्ण घेतलं होतं, आणि एप्रिलमध्ये रूबे. चांगली टूर होती. पण आकड्याच्या दृष्टीने माझी आवडती 2024 चीच.

त्या वर्षी फोलरिंग पिवळ्या जर्सीत होती. पाचव्या टप्प्यात शेवटच्या सहाएक किलोमीटरवर पडली, 1:47 गमावली. त्याच दिवशी तो टप्पा जिंकला तिच्याच संघाच्या ब्लांका वासने. यावर आमच्या तिघींत अजून वाद आहे. मैत्रीण म्हणते, कर्णधार पडली तर सगळ्यांनी थांबायला हवं. मी म्हणते, पुढे असलेलीला ते कळलं असेल कशावरून? असो. शेवटच्या दिवशी, 18 ऑगस्टला, पोलंडची काशा निएविआदोमा एकूण वेळेत फोलरिंगच्या पुढे 1:15 ने होती. फोलरिंग 50 हून जास्त किलोमीटर आधीच, ग्लाँदाँच्या चढावर सुटली. मग आल्प द्युएझ: 21 वळणं, साधारण 14 किलोमीटर, 8 टक्क्यांची चढण. आपला आंबोली घाट काढून बघा आणि संपला की लगेच तेवढाच परत काढा. फोलरिंगने टप्पा जिंकला, काशा 1:01 मागे आली. पहिल्या क्रमांकाचे 10 सेकंद बोनस, म्हणजे फोलरिंगच्या वेळेतून तेवढे कमी. करा वजाबाकी. चार सेकंद उरतात. काशाने टूर चार सेकंदांनी जिंकली, टूरच्या इतिहासातला सगळ्यात लहान फरक. त्या रात्री मी कागदावर वजाबाकी करत बसले होते आणि नवरा विचारत होता, उधारीचा हिशेब चाललाय का.

सप्टेंबरमध्ये रवांडात किगालीला विश्वविजेतेपदाची शर्यत झाली. आफ्रिकेत पहिल्यांदाच. तिथे पुन्हा टोकियोच. मागे मोठ्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या आणि पुढच्यांमधली कॅनडाची माग्देलेन वालिएर जिंकून गेली. मग ऑक्टोबरात चीनमध्ये हंगाम संपतो, तेव्हा आपल्याकडे भातकापणी असते, कुणाला वेळ?

मुलीबरोबर पहिल्यांदा किगालीच बघा, शेवटचा तास पुरे. मध्येच थांबवून तिला विचारा: तू या संघाची प्रशिक्षक असतीस तर आता ओढायला सांगितलं असतंस का? ती काय म्हणते ते ऐका आणि पुढे चालू करा. पूर्ण चार तास बसवू नका, मीही बसत नाही. युरोपातल्या उन्हाळी शर्यती आपल्याकडे साधारण रात्री आठ-नऊला संपतात, म्हणजे जेवणं आटोपत आलेली असतात. टूर ऐन पावसात येते आणि वीज नेमकी चढावर जाते, तेव्हा मोबाईल आधीच चार्ज करून ठेवा. टूरच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर रात्री हायलाइट्स मिळतात. मात्र व्हिडिओच्या नावातच विजेतीचं नाव असतं, तेव्हा मुलीला लावायला सांगू नका, तुम्ही लावा आणि फोन उलटा धरून तिच्याकडे द्या. मी त्या आठवड्यात भाच्याला म्यूट करते.