बाईंना विचारा: ग्रीकांनी पोहण्याची शर्यत का ठेवली नाही?

प्रश्न: बाई, मी मालवणचा. दरवर्षी चिवल्याच्या समुद्रात पोहण्याच्या स्पर्धेत उतरतो. मागच्या अंकात तुम्ही प्राचीन ऑलिंपिकबद्दल लिहिलंत. त्यात धावणं, कुस्ती, थाळीफेक, रथ सगळं आलं, पण पोहणं नाही आणि होडीही नाही. ग्रीक तर आपल्यासारखेच दर्यावर्दी ना? की लिहायचं राहून गेलं?

उत्तर: राहून नाही गेलं रे, ऑलिंपियात ते नव्हतंच. तू विचारतोस तेच मी तरुणपणी माझ्या सरांना विचारलं होतं. तेव्हा ‘अभ्यासक्रमात नाही’ एवढंच उत्तर मिळालं.

आधी जागा बघ. हे खेळ जिथे भरत ते ऑलिंपिया समुद्रापासून आत आहे, अल्फिऑस आणि क्लाडिऑस या दोन नद्यांच्या संगमापाशी. समुद्र फार लांब नाही, पण तिथून दिसत नाही. मालवणहून कट्ट्याला गेल्यासारखंच. तिथे ग्रीकांचा मोठा देव झ्यूस, त्याची जत्रा भरायची आणि परंपरेनुसार इ.स.पू. ७७६ पासून पुढची कितीतरी वर्षं शर्यत एकच होती, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायची. अंतर सुमारे १९२ मीटर. पहिला विजेता कोरोइबोस, एलिस गावचा, आणि हा माणूस आचारी होता असं सांगतात. मग इ.स.पू. ७२४ मध्ये जाऊन-येऊन धावण्याची शर्यत आली, ७०८ मध्ये कुस्ती, ६८८ मध्ये मुष्टियुद्ध, ६८० मध्ये चार घोड्यांचा रथ. जत्रा वाढते तशी यादी वाढत गेली. पाणी काही त्या यादीत शिरलं नाही.

म्हणून त्यांना पोहता येत नव्हतं असं मात्र समजू नकोस. अगदी अडाणी माणसाबद्दल ग्रीक लोक म्हणायचे, ‘याला ना अक्षर येतं, ना पोहता’. प्लेटोच्या लिखाणात हे आलंय. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचा आजो आठवला. मी पुस्तक टाकून वाळूत पळाले की तो म्हणायचा, ‘पाण्यात पडलंस तर पोवान भायर येशीत, अभ्यासात बुडलंस तर कोण काढतलो?’ आजोने प्लेटोचं नाव ऐकलेलं असणं शक्य नाही. रापण ओढणाऱ्या माणसाला ते कळायला प्लेटो लागतही नाही.

इ.स.पू. ४८० मध्ये सालामिस बेटाजवळच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराशी लढाई झाली. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की ग्रीकांकडची माणसं त्यात कमीच मेली. जहाज फुटलं तर ते पोहून पलीकडच्या बेटावर जायचे, आणि शत्रूची बरीच माणसं पोहता येत नाही म्हणून बुडाली. त्याच वर्षीची स्किलियासची गोष्ट तर तुला आवडेलच. स्किओने गावचा हा पाणबुड्या त्या काळातला सगळ्यात मोठा. इराण्यांची जहाजं वादळात फुटली तेव्हा बुडालेला माल त्याने त्यांना काढून दिला, आणि बराचसा स्वतःकडेही ठेवला! मग एक दिवस तो ग्रीकांना जाऊन मिळाला. लोक सांगत, त्याने जी बुडी मारली ती ८० स्टेडिया, म्हणजे जवळजवळ १५ किलोमीटर पाण्याखालून जाऊनच वर आला. हेरोडोटस हे सगळं मन लावून सांगतो आणि शेवटी म्हणतो, माझ्या मते तो होडीने आला. आमच्या जेटीवरसुद्धा असा एक हेरोडोटस असतोच. स्किलियासची मुलगी हिडना, तीही बापाकडून शिकलेली. दोघांनी वादळात पाण्याखाली जाऊन शत्रूच्या जहाजांचे नांगर ओढून काढले म्हणून डेल्फीच्या देवळात त्यांचे पुतळे उभारले होते, असं प्रवासी लेखक पॉसेनियस सांगतो.

आणखी एक. इ.स.पू. ४२५ मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर स्पार्टा या ग्रीक नगरराज्याचे सैनिक अडकले, भोवती अथेन्सच्या जहाजांचा वेढा. तेव्हा पाणबुडे पाण्याखालून पोहत, मागे दोरीला कातडी पिशव्या ओढत त्यांना खाणं पोचवत होते. पिशव्यांत काय, तर मधात कालवलेली खसखस आणि कुटलेलं जवस. हे वाचल्यापासून शर्यतीच्या दिवशी मी मुलांना मधातली खसखस देऊन बघावी म्हणत होते, पण पालक काय म्हणतील या भीतीने राहिलं.

आता तुझ्या कामाचं. पाण्यातल्या शर्यती ग्रीकांकडे होत्या, फक्त समुद्राकाठच्या गावांत. हर्मिओनी नावाच्या बंदरात काळं बकऱ्याचं कातडं पांघरणाऱ्या डायोनिसस या मद्याच्या देवाचा उत्सव दरवर्षी व्हायचा. तिथे गाण्या-बजावण्याची स्पर्धा असे आणि पाण्यात पोहणाऱ्यांना आणि होड्या वल्हवणाऱ्यांनाही बक्षिसं असत. मूळ शब्दाचा अर्थ पोहणं की बुडी मारणं यावर विद्वान भांडतात. त्यांना भांडू देत. अथेन्सच्या मोठ्या उत्सवातही जहाजांची चुरस होती. ती एकेका माणसाची नव्हे, वाड्यावाड्यांसारख्या टोळ्यांची, आणि जिंकणाऱ्या टोळीला बैल आणि जेवणावळ. आपली नारळी पौर्णिमा डोळ्यांसमोर आण, म्हणजे झालं.

मग ऑलिंपियात का नाही? माझं मत विचारशील तर पोहणं हे त्यांना चालण्यासारखं होतं. आमच्या वाडीत कोणी पोहला म्हणून आईने त्याचं कौतुक केल्याचं आठवत नाही. नाही पोहला तर मात्र अख्ख्या वाडीत बोभाटा. हे माझं मत, पुरावा नव्हे.

प्रश्न: गुहागर तालुक्यातला क्रीडाशिक्षक आहे. शिट्टीच्या आधीच पळत सुटणाऱ्या पोरांचं काय करावं? ग्रीक काय करत?

उत्तर: फटके मारत, अगदी मोठ्या माणसांनाही. सालामिसच्या आधीच्या सल्लामसलतीत अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लिस घाईने बोलू लागला तेव्हा कोरिंथचा सेनापती त्याला म्हणाला, ‘शर्यतीत आधी सुटणाऱ्याला फटके बसतात.’ थेमिस्टोक्लिस म्हणाला, ‘आणि मागे राहणाऱ्याला मुकुट मिळत नाही.’ मी कधी छडी उचलली नाही असं इथे लिहिलं तर माझेच विद्यार्थी संपादकांना पत्रं पाठवतील, म्हणून तो विषय सोडते.

मला हेवा वाटतो तो त्यांच्या रेषेचा. मी एकतीस वर्षं फक्की ओढली. तालुका स्पर्धा पावसात आली की दुसऱ्या शर्यतीपर्यंत रेष गायब. ऑलिंपियात सुरुवातीची रेष दगडाची आहे, पायाची बोटं रोवायला तिच्यात दोन खाचा कोरलेल्या, आणि ती आजही जागेवर आहे. मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवर ओळीने चौथरे दिसतात. त्यांवर झ्यूसचे ब्राँझचे पुतळे होते, लबाडी करणाऱ्या खेळाडूंच्या दंडातून घडवलेले. पहिले सहा पुतळे इ.स.पू. ३८८ मधले. युपोलोस नावाच्या मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले होते. मैदानात उतरताना प्रत्येकाला या पुतळ्यांच्या समोरूनच जावं लागे. एकदा एका शाळेने बनावट जन्मदाखल्यावर सतरा वर्षांचा मुलगा चौदा वर्षांखालच्या कबड्डीत उतरवला आणि चषक नेला. मुलाला मिसरूड फुटलेली होती! त्या शाळेच्या फाटकाबाहेर असा एखादा चौथरा असावा असं मला अजून वाटतं.

प्रश्न: अलिबागजवळ राहतो. बैलगाडीच्या शर्यतीत गाडी हाकतो मी आणि ढाल जाते मालकाच्या घरी. ग्रीकांच्या रथांत तरी हाकणाऱ्याला मान होता का?

उत्तर: नव्हता हो. ऑलिंपियात जैतुनाच्या फांदीचा मुकुट रथाच्या मालकालाच. म्हणून तर स्पार्टाच्या राजघराण्यातली किनिस्का इ.स.पू. ३९६ आणि ३९२ अशी दोनदा ऑलिंपिक विजेती ठरली, रथात पाऊल न ठेवता.

हाकणाऱ्याला मान दिल्याची एक गोष्ट मात्र आहे. इ.स.पू. ४२० मध्ये स्पार्टावर ऑलिंपियात बंदी होती. लिखास नावाच्या म्हाताऱ्या स्पार्टनने आपला रथ थीब्जच्या नावावर उतरवला. रथ जिंकला, तसा त्याला राहवेना. मैदानात जाऊन त्याने रथ हाकणाऱ्याच्या डोक्याला स्वतःच्या हाताने विजयाची फीत बांधली, रथ आपला आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून. पंचांनी तिथेच त्याला फटके दिले. तुमच्या मालकांना एवढं सांगा की आता हाकणाऱ्याला हार घातला तर कोणी मारत नाही.