दुपट्यावर मराठी नाव: आधी चुण्या, मग शिरोरेषा

तुमचं दुखणं थोडक्यात असं: घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन घेऊन दोन महिने झाले, फ्रेम १०० बाय १०० मिलिमीटरची, आणि भाचीच्या बारशाला मलमलच्या दुपट्यावर 'श्रीनिधी' असं नाव हवंय. मशीनमधली इंग्रजी अक्षरं उमटतात, पण भोवती चुण्या पडतात. मराठी अक्षरं मशीनमध्ये नाहीतच, आणि फोटोवरून आपोआप डिझाइन करून घेतलं तर शिरोरेषेची करवत झाली.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या एकत्र सोडवायला जाऊ नका. पहिली कापडाची आहे, दुसरी अक्षराची. चुण्या पडत असताना मराठी अक्षर कितीही सुंदर काढलंत तरी ते वाकडंच दिसणार. म्हणून चार दिवस नुसतं इंग्रजी 'आय' शिवा. उभा जाड दांडा, बस्स. जुन्या चादरीचे तुकडे त्यासाठीच असतात.

चुण्यांचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आपण कापड फ्रेममध्ये घालतो, स्क्रू आवळतो आणि मग चारी बाजूंनी ओढून हलगीसारखं ताणतो. शिवताना ते ताणलेलंच राहतं, छान दिसतं. फ्रेममधून काढलं की कापड आपल्या मूळ मापावर परत येतं, टाके मात्र येत नाहीत. मग अक्षराभोवती कापड गोळा होतं. ताण हवा तो खालच्या स्टॅबिलायझरला, म्हणजे कापडाखाली लावायच्या आधाराच्या थराला, कापडाला नाही. मलमलसाठी मी फ्रेममध्ये फक्त स्टॅबिलायझर घट्ट बसवते, त्यावर तात्पुरत्या चिकटणाऱ्या स्प्रेचा हलका फवारा मारते (मशीनपासून लांब, नाहीतर बॉबिनपाशी गोंद जमतो) आणि दुपटं हाताने सारखं करून नुसतं ठेवते. मग कडेने धावदोऱ्याची एक चौकट मशीनवरच घालून घेते. ती नंतर उसवायची.

स्टॅबिलायझर दुकानात 'एम्ब्रॉयडरी पेपर' म्हणून मागितला तर बहुधा फाडून काढायचा प्रकार देतात. सुती पंचा, पडदा, नॅपकिन यांना तो चालतो. टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला तो कधीच नाही. तिथे कापून काढायचा नॉन-वूवन लावायचा, म्हणजे अक्षराखाली तो कायम राहतो. मलमलला मी पातळ, मऊ नॉन-वूवन वापरते. दुपटं दुहेरी असेल तर नाव वरच्या थरावर आधी करा आणि अस्तर नंतर जोडा, म्हणजे मागचे खरखरीत टाके बाळाला टोचत नाहीत. एकेरी असेल तर मागून मऊ फ्यूजिंगचा तुकडा इस्त्रीने चिकटवा.

आता त्या 'आय'ची उलट बाजू बघा. दांड्याच्या मधोमध साधारण एक तृतीयांश भागात बॉबिनचा पांढरा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा रंगीत दोरा दिसला पाहिजे. पांढरा अजिबात दिसत नसेल तर वरचं टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण, ढिलं आहे, पांढरा वर सुलट बाजूला डोकावत असेल तर ते जास्त आहे. पण स्क्रूला हात लावायच्या आधी दोरा पूर्ण काढून परत ओवा, आणि ओवताना दाबपट्टी वर असू द्या. दाबपट्टी खाली असली की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही. माझ्या निम्म्या टेन्शनच्या तक्रारी एवढ्यानेच मिटल्या. सुई ७५/११, दोरा ४० नंबरचा, वेग मिनिटाला ४०० ते ६०० टाके. मशीनची हौस ८५० ची असली तरी अक्षरांना ती भागवू नका.

इथवर जमलं की मराठी. आपल्या अक्षराची अडचण अशी की इंग्रजी नावात प्रत्येक अक्षर सुटं असतं, एखादं हललं तरी खपतं. आपल्याकडे सगळी एका दांडीला टांगलेली. एक केसभर सरकलं तरी शिरोरेषेत पायरी दिसते. त्यात बरीच भरतकामाची सॉफ्टवेअर मराठी फॉन्ट घेतात खरी, पण जोडाक्षर जुळवत नाहीत. 'नि'ची वेलांटी 'न'च्या नंतर जाऊन बसते, 'श्री'चा पाय मोडतो. मी सुरुवातीला एका मुलाच्या टॉवेलवर 'शौर्य'चा 'शोर्य' करून दिला होता, एक मात्रा कुठेतरी गळली आणि पाच हजार टाके होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. उलट बाजूने रिपरने बॉबिनचे दोरे कापत बसले, दीड तास. तेव्हापासून नाव शिवायच्या आधी घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घेते.

उपाय फुकट आहे: कॉम्प्युटरवर चित्र काढायचं इंकस्केप आणि त्यावर चालणारं, चित्राचे टाके करून देणारं इंकस्टिच. इंकस्केप मराठी नीट जुळवतं. फॉन्ट सुलेखनाचा, बारीक-जाड रेघांचा घेऊ नका. सॅटिनचा, म्हणजे आडव्या दाट टाक्यांचा, पट्टा एक मिलिमीटरपेक्षा अरुंद झाला की सुई एकाच भोकात घुसत राहते. मुंबईच्या एक टाइपने केलेले बालू आणि मुक्ता हे दोन्ही मोफत आहेत. बालू गुबगुबीत आहे, लहान मुलांच्या नावाला तो मला जास्त आवडतो. अक्षराची उंची, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंत, १५ मिलिमीटर धरा. वेलांट्यांसकट ते २४-२५ पर्यंत जाईल, आणि 'श्रीनिधी' तुमच्या फ्रेममध्ये आरामात मावेल. १० च्या खाली उतरलात की 'ध'चं पोट भरून जातं.

आता महत्त्वाचं. फॉन्टची बाह्यरेषा तशीच शिवायला देऊ नका. सॉफ्टवेअर ती आकृती समजून भराव घालतं, आणि तीच तुमची करवत. फॉन्ट खाली फिकट करून ठेवा आणि त्याच्यावर मधोमध आपली रेघ काढा, आपण बोरूने गिरवायचो तशी. रेघेची जाडी अडीच मिलिमीटर द्या आणि रेघेचं सॅटिन करायचा पर्याय वापरा. टाक्यांमधलं अंतर ०.४ मिलिमीटर. खाली मधोमध धावणारा आधाराचा टाका, म्हणजे अंडरले, घाला. काढलेली अडीचची रेघ कापडावर सव्वादोनच भरते, कारण दोरा पट्ट्याला आडवा आवळतो. म्हणून पुल कॉम्पेन्सेशन, म्हणजे ती घट भरून काढायला पट्टा रुंद करायची सोय, ०.२ ते ०.३ मिलिमीटर द्या. आवळला की पट्टा टोकांकडून बाहेर सरकतो, हेही लक्षात असू द्या. 'न'चा काना तुम्ही शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंत काढलात तर तो शिवल्यावर वर डोकं काढतो. त्याला शिरोरेषेच्या निम्म्यातच थांबवा.

आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एकसलग, नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. इंकस्टिचमध्ये वस्तूंच्या यादीत जे सगळ्यात वर, ते शेवटी शिवलं जातं, तेव्हा तिला वर सरकवा. कान्यांची टोकं तिच्याखाली झाकली जातात आणि दांडी एकसंध दिसते. तिला अंडरले हलकाच द्या. कान्यापाशी आधीच थर असतात, जास्त दाटलं की सुई तुटते. वेलांटी मात्र कान्याबरोबर, एकाच रेघेत वर नेलीत तर शिरोरेषा तिच्या मानेवरून जाते आणि छान गाठ बसते. एखाद्या नावात अनुस्वार आला तर टिंब दोन मिलिमीटरपेक्षा लहान नको. गोल काढलेलं टिंब शिवल्यावर तांदळासारखं होतं, म्हणून ज्या दिशेने टाके पडतात त्या दिशेला ते जरा रुंद काढा.

फाइल आपल्या मशीनच्या प्रकारात घ्या: ब्रदरला पीईएस, उषा जनोमला जेईएफ. फाइलचं नाव इंग्रजीत आणि छोटं ठेवा, माझं मशीन मराठी नाव दाखवतच नाही. माप बदलायचं तर इंकस्केपमध्ये बदला. मशीनवर दहा टक्क्यांच्या वर लहान-मोठं करू नका, पुष्कळ मशीन टाके तेवढेच ठेवून नुसते जवळ-लांब करतात.

तुम्ही जाता जाता रुखवताच्या टॉवेलवरच्या मोनोग्रामचंही, म्हणजे नावाच्या आद्याक्षरांचंही, विचारलंय. टॉवेलला वरून पाण्यात विरघळणारी फिल्म हवीच, नाहीतर अक्षर लवेत बुडतं. काही जणी भाजीची पातळ पिशवी वापरतात. ती ओढून काढली तरी अक्षरांच्या पोटात तुकडे राहतात, मला ते पटत नाही. अक्षरांच्या क्रमाचा घोळ मात्र आधीच मिटवा. इंग्रजी पद्धतीत मधलं मोठं अक्षर आडनावाचं असतं. आपल्याकडे मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. तयार तीन अक्षरी साच्यात आपला क्रम भरलात तर सासूबाईंना आडनाव बदललेलं दिसेल. तिन्ही अक्षरं सारख्या उंचीची ठेवा, म्हणजे नाव, मधलं नाव, आडनाव हा आपला क्रम बिनदिक्कत चालतो.

बारशाला अवकाश असेल तर आधी मलमलच्याच तुकड्यावर पूर्ण नाव एकदा शिवून, धुऊन, वाळवून बघा. त्याचा फोटो टाकाल तेव्हा उलट बाजूचाही टाका, बिघाड कुठे आहे ते तिकडूनच लवकर कळतं.