सातव्या सामन्यातील पराभव

प्रश्न : आइस हॉकीत मी एडमंटन ऑइलर्सचा चाहता आहे. जून २०२४ मध्ये स्टॅनली कपच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतील एनएचएल लीगच्या विजेतेपदाच्या, सातपैकी चार सामने जिंकायच्या अंतिम मालिकेत फ्लोरिडा पँथर्सविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून आमच्या संघाने बरोबरी साधली आणि सातवा सामना १-२ असा गमावला. पुढच्या वर्षी त्याच संघाकडून पुन्हा हार झाली, पण मनात सलतो तो पहिलाच पराभव. कॉनर मॅकडेव्हिडसारखा खेळाडू संघात असताना असे व्हावे, याला निव्वळ दुर्दैव म्हणायचे का? आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा करंडक स्वीकारायला तो बर्फावर आलाच नाही, हे आपणांस योग्य वाटते का?

उत्तर : ती मालिका मीही ऑइलर्सच्या बाजूनेच पाहिली असल्यामुळे तटस्थपणाचा आव आणत नाही, तरीही दुर्दैवाला दोष द्यायला माझे मन तयार होत नाही. मालिका हातची गेली ती पहिल्या तीन सामन्यांत. पहिल्या सामन्यात ऑइलर्सनी गोलच्या दिशेने ३२ फटके मारले, पँथर्सनी अवघे १८, आणि निकाल मात्र ०-३ लागला, कारण गोलरक्षक सर्गेई बोब्रोव्स्की याने ते सर्वच्या सर्व अडवले. एवढ्यावरून नशिबाला बोल लावता आला असता. परंतु प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर बसलेला असताना, म्हणजे पॉवर प्लेवर, ऑइलर्सना त्या तीन सामन्यांत एकही गोल करता आला नाही, आणि ज्याच्यावर मॅकडेव्हिडच्या खालोखाल भिस्त होती त्या लिऑन ड्रायसाइटलची गोलची पाटी तर संपूर्ण मालिकेत कोरीच राहिली. तिसऱ्या सामन्यात १-४ वरून ३-४ पर्यंत मजल मारली, पण तोवर वेळ संपली होती.

पुढे जे घडले त्याचे वर्णन आपल्याला वेगळे करून सांगायला नको : ८-१, ५-३, ५-१. अंतिम मालिकेत ०-३ वरून कप जिंकण्याची किमया आजवर फक्त टोरंटोने केली आहे, १९४२ मध्ये, डेट्रॉइटविरुद्ध. त्याच डेट्रॉइटने १९४५ मध्ये टोरंटोविरुद्ध अशीच पिछाडी भरून काढली आणि सातवा सामना १-२ असाच गमावला, हे आठवले की मला डेट्रॉइटच्या त्या वेळच्या चाहत्यांविषयी फार आपुलकी वाटते. अशा पाठलागात एका संघाला ओळीने चार सामने जिंकावे लागतात, तर दुसऱ्याला चारांपैकी एकच पुरतो. तेव्हा ऑइलर्सना तिथवर पोहोचवणारी जिद्द खरी होती आणि सातव्या रात्री चुकीला जागा उरलेली नव्हती, हेही तितकेच खरे.

त्या रात्री कार्टर व्हरहेगीने पँथर्सना आघाडी मिळवून दिल्यावर थोड्याच वेळात कोडी सेसीच्या लांब पासवर मॅटियास यानमार्क एकटा पुढे निसटला आणि त्याने बरोबरी केली. दुसऱ्या सत्रात सॅम राइनहार्ट उजव्या बाजूने चाल करून आला आणि त्याचा फटका ऑइलर्सचा गोलरक्षक स्टुअर्ट स्किनर याला चकवून आत गेला. त्यानंतर संपूर्ण तिसरे सत्र हातात होते, दडपणही ऑइलर्सचेच होते, पण बोब्रोव्स्कीने २४ पैकी २३ फटके अडवले. सहाव्या आणि सातव्या सामन्यात मॅकडेव्हिडच्या नावावर ना गोल लागला ना साहाय्य (सहकाऱ्याच्या गोलला कारणीभूत ठरलेला पास), याचे श्रेय मी पँथर्सच्या बचावाला देतो. त्यांनी त्याला मधल्या पट्ट्यात वेग घेऊच दिला नाही, आणि त्याच्याऐवजी गोल करणारे कोणी त्या रात्री पुढे आले नाही.

आता करंडकाविषयी. त्या प्ले-ऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, मॅकडेव्हिडने गोल आणि साहाय्ये मिळून ४२ गुण मिळवले. त्यांत ३४ साहाय्ये होती आणि एका प्ले-ऑफमधील साहाय्यांचा वेन ग्रेट्झकीचा ३१चा विक्रम त्याने मोडला. पराभूत संघात असूनही कॉन स्मिथ करंडक मिळवणारा तो सहावा खेळाडू. त्याच्या आधी २००३ मध्ये जाँ-सेबास्तियाँ जिगेर याने तो बर्फावर येऊन, उतरलेल्या चेहऱ्याने स्वीकारला होता, म्हणून मॅकडेव्हिडवर टीका झाली. मला ती मान्य नाही. समोर प्रतिस्पर्धी कप उंचावण्याच्या तयारीत उभे असताना स्वतःच्या नावाचा करंडक घ्यायला बाहेर येणे त्याला जमले नाही, यात मला कोणाचा अवमान दिसत नाही. तो आपल्या सहकाऱ्यांसोबत खोलीतच थांबला आणि तिथेच त्याची जागा होती.

२०२५ चा पराभव आपल्याला कमी सलतो, याचे मला नवल वाटत नाही. त्या वेळी मालिका सहा सामन्यांत संपली, अखेरच्या लढतीत राइनहार्टने चार गोल केले आणि १-५ अशा निकालात जर-तरला वावच राहिला नाही. २०२४ मध्ये तो वाव शेवटच्या मिनिटापर्यंत होता, आणि आपण अजून त्यातच अडकलेले आहात.