पॉलिशला दिलेले सोन्याचे घड्याळ : परवानगी नेमकी कशाची होती?

प्रश्न : आजोबांचे १८ कॅरेटचे, चावी द्यायचे जुने ओमेगा घड्याळ सांगलीतल्या एका दुकानात पॉलिश-सर्व्हिसला दिले. 'नव्यासारखे करा' असे मी तोंडी म्हणालो होतो. मजुरी ६,५०० रुपये ठरली, २,५०० आगाऊ दिले. पावतीवर 'घड्याळ १, पॉलिश-सर्व्हिस' एवढेच लिहिले आहे आणि खाली 'माल मालकाच्या जबाबदारीवर' असे छापलेले आहे. घ्यायला गेलो तर पट्टा अडकवायचे कान गोल झालेले, मागचा शिक्का पुसट, डायल नव्याने रंगवलेली आणि चावी बदललेली. पट्ट्याशिवाय वजन आधी सराफाकडे ३८.४०० ग्रॅम भरले होते, आता ३७.१५० भरले. उरलेले ४,००० दिल्याशिवाय घड्याळ मिळणार नाही म्हणतात. पैसे दिले तर काम मान्य केल्यासारखे होईल का? सोने काढले म्हणून पोलिसांत जावे का?
एक वाचक, तासगाव

उत्तर : पैसे द्या आणि घड्याळ ताब्यात घ्या, पण हरकत लिहून. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १७० प्रमाणे कारागिराला केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. हा हक्क ठरलेल्या कामापुरताच आहे. न सांगता रंगवलेल्या डायलसाठी तो चालणार नाही, असा युक्तिवाद तुम्हाला करता येईल. पण तो वाद होईपर्यंत घड्याळ त्यांच्याकडे पडून राहील आणि 'दुरुस्त करून देतो' म्हणून पुन्हा बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर, चढेल. तुमचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे ते घड्याळच.

दुकानातच, उजेडात, फोटो काढा: समोरून, मागून, चारही कान जवळून. मागचे झाकण त्यांच्याकडूनच उघडून घ्या आणि मशीनवरचा व झाकणाच्या आतला नंबर टिपा. चार हजार यूपीआयने द्या. पावतीवर लिहा: 'डायल व चावी विनापरवानगी बदलली, शिक्का पुसट, कान झिजले, ४,००० रुपये हरकत राखून दिले.' सही द्यायला नकार दिला तर हाच मजकूर त्याच दिवशी त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. जुनी चावी परत मागा. डायलची पत्रीच (ज्यावर आकडे छापलेले असतात ती चकती) बदलली असेल तर जुनी पत्रीही मागा.

आता वजनाबद्दल. सव्वा ग्रॅम सोन्याची आजची किंमत पाहता तुमचा संताप मी समजू शकतो, पण खटला त्यावर उभा करू नका. ३८.४०० मध्ये मशीन, काच, डायल, चावी सगळे आले. जुनी चावी सोन्याची असेल आणि नवी मुलाम्याची, तर फरकाचा काही भाग तिथेच सापडेल. काच बदलली असेल तरी आकडा हलतो. शिवाय बफवर सोने झिजतेच. ती धूळ गोळा करून गलाईला, म्हणजे वितळवून सोने वेगळे करायला, जाते, हे विटा-खानापूर भागाच्या माणसाला सांगायला नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालचा विश्वासघात सिद्ध करायला अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. नुसती घट तो दाखवत नाही. जुनी चावी देतच नसतील, किंवा मशीनचा नंबर तुमच्याकडच्या जुन्या कागदाशी वा फोटोशी जुळत नसेल, तर मात्र लेखी तक्रार घेऊन पोलिस ठाण्यात जा.

तुमची खरी ताकद परवानगीच्या प्रश्नात आहे. 'नव्यासारखे करा' हे तुमचे वाक्य समोरचा वकील नक्की काढणार. कानांच्या बाबतीत ते तुम्हाला जड जाईल, कारण पॉलिश तुम्हीच सांगितली होती. तरी उत्तर आहे. १८ कॅरेट सोने मऊ असते. जाणकार कारागीर आधी मशीन बाहेर काढतो, कडा आणि शिक्के झाकतो, सपाट भाग सपाट चकतीवर धरतो आणि शेवटी मऊ बफवर हलक्या हाताने रूझ, म्हणजे पॉलिशची लाल भुकटी, फिरवतो. डबी (घड्याळाचे बाहेरचे सोन्याचे कवच) सरळ कापडी बफवर दाबली की कडा गोल होतात आणि शिक्के जातात. मशीनमध्ये बफची धूळ सापडली तर ते न काढताच पॉलिश केल्याचे दिसेल. शिक्क्याचा मुद्दा कानांपेक्षा बळकट आहे. डबी स्विस असेल तर त्या काळातल्या १८ कॅरेटवर हेल्वेशियाचे, म्हणजे स्वित्झर्लंडच्या प्रतीकाचे, स्त्रीमुख उमटवलेले असते. आपल्याकडे घड्याळांना सक्तीच्या हॉलमार्किंगमधून सूट आहे, म्हणून तो जुना शिक्काच कसाची खूण. सर्वांत भक्कम मुद्दे डायल आणि चावीचे. पॉलिश-सर्व्हिस या शब्दांत डायल रंगवणे येत नाही, आणि मूळ छपाई एकदा गेली की परत येत नाही. जुन्या घड्याळाची किंमत मुख्यतः डायल आणि डबीच्या मूळ रूपावर ठरते.

'मालकाच्या जबाबदारीवर' या छापील ओळीने घाबरू नका. दुरुस्तीला दिलेली वस्तू म्हणजे निक्षेप. करार अधिनियमाच्याच कलम १५१ प्रमाणे साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी दुकानदाराने घ्यायलाच हवी. वस्तू त्याच्या ताब्यात बिघडली हे तुम्ही दाखवले की काळजी घेतल्याचे सिद्ध करणे त्याच्यावर येते. तुम्ही सही न केलेल्या, कोणी समजावून न सांगितलेल्या अटीला ग्राहक आयोग सहसा फार वजन देत नाही.

आधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. न मिटल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम ३५ खाली सांगलीच्या जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार करा. ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते. आयोगाची हद्द आणि शुल्क दिलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. तुमचा मोबदला ६,५०० आहे आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. सेवा तुम्ही घेतली व पैसे तुम्ही दिले, त्यामुळे घड्याळ आजोबांचे होते म्हणून वारस-दाखल्याची भानगड इथे येत नाही.

भरपाई सोन्याच्या दराने मागू नका. कामाआधीची आणि नंतरची किंमत यांतला फरक मागा. त्यासाठी जुन्या घड्याळांच्या जाणकाराचे लेखी मत आणि शपथपत्र लागेल, कारण आयोगात पुरावा मुख्यतः शपथपत्रावर व कागदांवर चालतो. सराफाची वजनाची चिठ्ठी, तारखेसह, जोडा. लग्नातल्या वगैरे जुन्या फोटोत आजोबांच्या मनगटावर डायल स्पष्ट दिसत असेल तर तो शोधा. मोबाइलमधल्या फोटो-संदेशांना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे.

मुदत दोन वर्षांची आहे. ती घड्याळ हाती आल्याच्या दिवसापासून मोजता येईल असे वाटत असले तरी बिघाड दिसला तोच दिवस धरून चाला. आणि तोपर्यंत ते दुसऱ्या कुणाकडे कान भरून घ्यायला किंवा डायल नीट करायला देऊ नका. दुरुस्तीचा खर्च किती येईल, याचा अंदाज मात्र लेखी घेऊन ठेवा.