बाबा जेवणाचं ताट बाजूला सारतात, काय करू?

प्रश्न: बाबांचं जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता रेडिएशनचा चौथा आठवडा चालूय. दोन घास खाल्ले की ताट सरकवतात, बोलतही नाहीत. आई चिडते, मग रडते.

उत्तर: ताई, हा हट्ट नाहीये हो, रेडिएशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटतं, लाळ आटते, चव जाते, साधं पाणीसुद्धा झोंबतं, आणि सोलवटल्याचा त्रास ट्रीटमेंट संपल्यावरही काही आठवडे राहतो, लाळ-चव परत यायला तर महिनेही लागतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की गिळताना दुखतं, जेवणाआधी घ्यायचं दुखणं कमी करणारं औषध मिळतं. मऊ, कोमट, बिनतिखट, थोडं थोडं पण सारखं द्या. वजन दर आठवड्याला बघा, उतरत असेल तर नाकातून नळी घालायला घाबरू नका, ती तात्पुरती असते. तोंड उघडायचे व्यायाम मात्र चुकवू नका, जबडा एकदा आखडला की फार जड जातं, तोंड उघडल्यावर वरच्या-खालच्या दातांमध्ये तीन बोटं उभी मावतात का ते बघत राहा. दात काढायचा झाला तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

आणि बोलायला वही-पेन उशाशी ठेवा, त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, लिहू द्या सावकाश. आईला रोज तासभर तरी सुट्टी द्या, खरंच द्या.