सेन्सर नंतर घ्या, आधी फोन आणि टेपने मोजायला लागा

दादा, तुमचा प्रश्न असा की मंडळाच्या बारा मुली कबड्डी खेळतात, आठवड्यातून तीन दिवस वेट ट्रेनिंग करतात, देणगीतून थोडे पैसे आलेत, तर बारचा, म्हणजे वजनं लावायच्या दांड्याचा, स्पीड मोजणारा सेन्सर घ्यावा का आणि घेतला तर नक्की काय मोजायचं. मी परळ-लालबागच्या पट्ट्यात अकरा वर्षं कबड्डी आणि खो-खोच्या पोरींचं स्ट्रेंथचं काम बघतेय, सेन्सर, मनगटाचा बँड, फोन सगळं वापरून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आत्ता घेऊ नका. निदान दीड-दोन महिने फोन आणि मोजपट्टीवर काढा. पैसे वाचवायचे म्हणून नाही सांगत, मोजायची शिस्त बसली नसेल तर महागडं मशीनसुद्धा चुकीचाच आकडा देतं, फक्त दोन दशांश स्थळांपर्यंत देतं आणि मग आपला त्याच्यावर लगेच विश्वास बसतो.

सुरुवात उडीपासून करा. दोन्ही हात कमरेवर, पटकन खाली बसून जितकं जमेल तितकं वर, आणि फोन जमिनीलगत विटेला टेकवून सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोवर. मग लॅपटॉपवर किनोव्हिया नावाचं व्हिडिओ एकेक फ्रेम करून बघायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, आणि पायाची बोटं सुटल्यापासून परत टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. १२० फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. सेकंदांचा वर्ग करायचा आणि १२२.६ ने गुणायचं, उंची सेंटीमीटरमध्ये मिळते, अर्ध्या सेकंदाला साधारण ३०.७. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओवर हे करू नका, तिथे एका फ्रेमची चूक झाली तरी या उंचीला चार सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि चार सेंटीमीटर म्हणजे कधीकधी अख्ख्या सीझनची मेहनत असते.

इथे मी स्वतः फसलेय. एक रेडर तीन आठवड्यांत १२० वरून १२८ फ्रेमवर गेली, म्हणजे चार सेंटीमीटरहून जास्त, मी तिच्या घरी फोन करून सांगितलं, तिची ट्रेनिंगची वजनं पण वाढवली. नंतर जुने व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघितले तर पोरगी उतरताना गुडघे दुमडून घेत होती, पाय उशिरा टेकायचे आणि हवेतला वेळ फुकट वाढायचा. उडी होती तेवढीच होती. तेव्हापासून माझा नियम, सुटताना आणि टेकताना गुडघे आणि घोटे सारखेच सरळ दिसले पाहिजेत, नाहीतर ती उडी बाद.

अजून एक, नुसती उंची बघू नका. दमलेली मुलगी कधीकधी तेवढीच उंच उडते पण त्यासाठी जास्त खोल बसते, जास्त वेळ घेते. लाखोंची फोर्स प्लेट, म्हणजे पायांचा जोर मोजणारी पाटी, हेच नीट दाखवते, पण खाली बसायला लागल्यापासून पाय सुटेपर्यंतच्या फ्रेम त्याच व्हिडिओत मोजता येतात. एखादीच्या नेहमी १७० च्या आसपास असतात आणि आज २०० झाल्या, तर उंची तीच असली तरी मी त्या दिवशी तिला जड स्क्वॉट, म्हणजे बार घेऊन बैठका, देत नाही.

आणि कुठल्याही आकड्यावरून निर्णय घेण्याआधी त्या आकड्यात नैसर्गिक चढउतार किती होतो ते काढा. मध्ये जड ट्रेनिंग न करता दोन दिवस सगळ्यांची तीच टेस्ट घ्या, तीच वेळ, तेच बूट, तीच मॅट. प्रत्येकीचा दोन दिवसांतला फरक लिहा, त्या फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे ते किती विखुरलेत त्याचा आकडा, एक्सेलमध्ये काढा आणि १.४१ ने भागा, तुमच्या मोजण्यातली चूक समजेल. समजा ती दीड सेंटीमीटर आली, तर एका सेंटीमीटरच्या वाढीवर पेढे वाटण्यात अर्थ नाही आणि एका सेंटीमीटरच्या घटीवर मुलीला बोलण्यातही नाही. वेळेचं तर पक्कं पाळा, संध्याकाळी अंग तापलेलं असतं, सकाळच्या सहाच्या उडीची तुलना संध्याकाळी सातच्या उडीशी होत नाही.

आता बारचा स्पीड. यामागचं तत्त्व सरळ आहे, पूर्ण ताकद लावून उचलताना वजन वाढलं की वेग उतरतो आणि तो जवळपास सरळ रेषेत उतरतो. बॅक स्क्वॉटमध्ये, म्हणजे बार मानेमागे खांद्यावर घेऊन, जेमतेम एकदा उठेल अशा वजनाला सरासरी वेग साधारण ०.३ मीटर प्रति सेकंद असतो, बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलताना, ०.१७ च्या आसपास. समजा एखादीचा ३० किलोला ०.९२ आणि ५० किलोला ०.७० आला, तर रेषा पुढे ओढली की ०.३ ला साधारण ८६ किलो येतं, म्हणजे जास्तीत जास्त वजन खरंच उचलून न बघता अंदाज मिळतो. नवख्या पोरींसाठी हे फार कामाचं आहे. दोनाऐवजी तीन-चार वजनं घ्या, आणि ०.३ ही सरासरी आहे, प्रत्येकीचा स्वतःचा आकडा थोडा वेगळा असतो.

फोनने हेही होतं. बार तळापासून वरपर्यंत किती सरकतो ते टेपने मोजा, समजा ५५ सेंटीमीटर, वर यायला १८० फ्रेम लागल्या म्हणजे पाऊण सेकंद, वेग ०.७३. फक्त खोली रोज तीच पाहिजे. पोरी वजन जड वाटलं की नकळत दोन इंच वरूनच परततात आणि वेग सुधारल्यासारखा दिसतो. मी बार ठेवायच्या रॅकच्या दोन खांबांना ठरलेल्या उंचीवर जाड रबर बांधते, बूड रबराला लागल्याशिवाय ती रेप, म्हणजे एकदा खाली जाऊन वर येणं, धरायचीच नाही. आणि दर रेपला ओरडून सांगावं लागतं, वर येताना जीव तोडून, कारण आरामात उचललेल्या रेपचा वेग काहीच सांगत नाही.

सेट, म्हणजे सलग रेपची फेरी, कधी थांबवायचा, याला मात्र हा वेग सोन्यासारखा. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये स्क्वॉटवर दोन गटांचा अभ्यास छापला होता, एका गटाने सेटमध्ये वेग २० टक्के पडला की थांबायचं, दुसऱ्याने ४० टक्के पडेपर्यंत ओढायचं. ताकद दोघांची जवळपास सारखीच वाढली, २० टक्केवाल्यांची उडी जास्त सुधारली आणि रेप बऱ्याच कमी लागल्या, ४० टक्केवाल्यांच्या मांडीचा स्नायू जास्त वाढला. ते सगळे तरुण पुरुष होते हे लक्षात ठेवा, पण सीझन चालू असताना मी पोरींना २० च्या पुढे जाऊ देत नाही. पहिली रेप ०.७० ची असेल तर ०.५६ दिसलं की बार रॅकवर. प्रत्येक सेटला हे फोनवर फ्रेम मोजून जमत नाही, आकडा त्याच क्षणी समोर लागतो, सेन्सरची खरी गरज इथे लागते.

तेव्हा घ्यायचाच झाला तर दोरीवाला घ्या, बारला दोरी अडकते आणि किती सरकली ते थेट मोजलं जातं. मनगटाचा बँड त्वरणावरून वेग काढतो, त्यात बारीक चुका साठत जातात, शिवाय मनगट वळलं की तेही मोजलं जातं. माझ्याकडचा बँड एकाच सेटमध्ये दिसायला सारख्याच रेपना वेगवेगळे आकडे द्यायचा, शेवटी कपाटात गेला.

एक गोष्ट फुकटची आहे आणि ती सोडू नका. सेशन संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकीला विचारा, आज दहापैकी किती जड गेलं, आणि त्याला सेशनच्या मिनिटांनी गुणा, सहा आणि साठ मिनिटं म्हणजे ३६०. अमेरिकेतले व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची पद्धत. सोबत झोप किती झाली आणि प्रवास कसा झाला तेही लिहा. माझी एक डिफेंडर बदलापूरहून यायची, लोकलमध्ये दीड तास उभी, तिची उडी दर सोमवारी पडायची आणि मी प्रोग्रॅममध्ये खोट शोधत बसले होते. सोमवारचा जड सेट बुधवारी टाकला आणि प्रश्न मिटला.

वहीत प्रत्येकीचं पान वेगळं ठेवा, आकडे भिंतीवर लावू नका. तसं केलं की बारीक पोरीही स्वतःहून जेवण कमी करायला लागतात, मी पाहिलंय. पहिल्या दोन दिवसांच्या टेस्टचे फरक आले की इथेच टाका, चूक किती येते ते आपण मिळून काढू.